पाटणकरांच्या घरचं रुखवत

वृंदाला साडी आणि मला ब्लाउजपीस.

ओगल्यांच्या दिवाणखान्यात आम्ही दोघी एकाच सोफ्यावर बसलो होतो. त्यांच्या मुलीचं लग्न आदल्या आठवड्यात झालं होतं, वऱ्हाडातल्या बायकांनी रुखवत वाखाणलं होतं आणि म्हणून ओगलेवहिनींनी आम्हाला मुद्दाम चहाला बोलावलं होतं. त्यांनी आधी वृंदाला कुंकू लावलं, मग मला. आधी वृंदाची ओटी भरली, मग माझी. तिच्या ओटीत नारळाबरोबर मोरपंखी रंगाची साडी पडली. माझ्या ओटीत नारळ पडला आणि त्याच्यामागून अळूच्या फदफद्याच्या रंगाचा एक ब्लाउजपीस.

"वृंदाताई, तुमच्यामुळे माझी लाज राहिली," ओगलेवहिनी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमचीही मदत झाली हो."

मदत. त्या रुखवतातला मोत्यांचा रहाट, सुपारीचे भटजी, सुपारीची वरात, खोबऱ्याच्या वाटीतलं तुळशीवृंदावन, सगळं माझ्या ह्या दहा बोटांनी केलेलं होतं. नखांतला फेविकॉल अजून निघाला नव्हता. आणि वृंदानं काय केलं होतं? वृंदा बोलली होती.

परत येताना तिच्या स्कूटीवर मागे बसले होते. कृष्णा नाक्याच्या सिग्नलला तिनं मान वळवली आणि म्हणाली, "शैला, ही साडी तू घे. मला हा रंग चांगला दिसत नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दिली ओगलेवहिनींनी तिला आणि दान ती करणार मला. मी म्हटलं, राहू दे, मलाही दिसत नाही. खरं सांगायचं तर मोरपंखी मला फार खुलून दिसतो.

ही वीसेक वर्षांपूर्वीची कराडातली गोष्ट. मी शैलजा दिवेकर, तेव्हा चाळिशीला टेकलेली. आमचे हे पाटबंधारे खात्यात, मुलं कॉलेजात, आणि माझ्या हातात पहिल्यापासून कला. वृंदा खटावकर आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायची. तिच्या हातात काही नव्हतं, पण अर्धं कराड तिला ओळखायचं आणि उरलेल्या अर्ध्याला ती ओळखायची. रुखवत म्हणजे नवरीनं आपल्या हातांनी केलेल्या वस्तू लग्नात मांडायच्या, हा आपला रिवाज. पण नवऱ्या आता नोकरी करायला लागल्या, त्यांना कुठला वेळ? म्हणून ते काम आम्ही दोघींनी घेतलं. ऑर्डर वृंदाच्या फोनवर यायची, वस्तू माझ्या जेवणाच्या टेबलावर तयार व्हायच्या. कोणी काय करायचं, कोणाचं किती, हे आम्ही कधी बोललो नाही, कागदावर घालायचं तर डोक्यातही आलं नाही. मैत्रिणी ना आम्ही.

त्यात वृंदाची एक खोड होती. लग्न ठरलेल्या मुलीला ती दुपारी आपल्या घरी बोलावून घ्यायची. एकदा नाही, चार-चारदा. खाली मी मान मोडून मोती ओवत असायची आणि वरून त्या दोघींचं खिदळणं ऐकू यायचं. येता-जाता वृंदा माझ्या टेबलावरचा एखादा अर्धवट भटजी वर उचलून न्यायची आणि दोन दिवसांनी परत आणायची, तेव्हा त्याची शेंडी वाकडी झालेली असायची. "असू दे गं तशीच," म्हणायची. मी कशाला असू देते? ती गेली की चिमट्यानं शेंडी उपटून सरळ बसवायची. मनात म्हणायची, आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, वर पुन्हा पिठात पाय देतंय.

ब्लाउजपीसनंतर महिनाभरात आमच्याकडे महिलांसाठी उद्योग-शिबिर भरलं. वृंदाला विचारलं तर म्हणाली, मला काय कळतंय त्यातलं, तू जा. पुण्याहून एक सरदेशपांडे म्हणून सर आले होते, उन्हाळ्यातही कोट घातलेले. त्यांनी प्रत्येकीला उभं करून धंद्याबद्दल विचारलं. मी माझं सांगितलं, वस्तू मी करते आणि ऑर्डर मैत्रीण आणते. सरांनी मला विचारलं, "ह्यात तुमचं नाव कुठं आहे?"

हॉलमध्ये शंभर बायका होत्या, पण तो प्रश्न सरळ माझ्या काळजात जाऊन बसला. बाकी ते काय काय बोलले त्यातलं मी निम्मंच ऐकलं. गिऱ्हाईक ओळखा, हंगाम ओळखा, असं काहीतरी होतं. मी वहीत एकच ओळ लिहिली आणि तिच्याखाली दोनदा रेघ मारली. तुमचं नाव प्रत्येक वस्तूवर दिसलं पाहिजे.

घरी येऊन मी बेत आखला. मार्केट यार्डाच्या बाजूला एक गाळा घ्यायचा. हंगाम सुरू व्हायच्या आधी रुखवताचे तीन पूर्ण संच करून ठेवायचे, विकायचे आणि भाड्यानंही द्यायचे. महिन्याला आठ लग्नं धरली तर तीन संच पुरून उरतात, असा हिशेब मी मांडला. ह्यांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं की आषाढापासून दिवाळीपर्यंत लोक लग्न करणार आहेत का. मी म्हटलं, तुम्ही धरणाचे दरवाजे बघा.

वृंदाला जिन्यातच गाठलं. पुढच्या भांडणाची मी रात्रभर तयारी केली होती, कुठल्या वाक्याला काय उत्तर द्यायचं ते सगळं पाठ होतं. मी म्हटलं, मी आता स्वतंत्र करणार आहे. तिनं भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"बरं," ती म्हणाली. "काही लागलं तर सांग."

एवढंच. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. जिना चढून वर गेली तरी मी तिथेच उभी होते आणि माझी सगळी उत्तरं माझ्याच तोंडात राहिली होती.

गाळ्यावर पाटी लागली, 'शैलजा कलादालन'. सोनेरी अक्षरं. उद्घाटनाला वृंदा पेढे घेऊन आली आणि प्रत्येक वस्तू उचलून बघितली. मनापासून सुंदर म्हणाली, आणि ते मनापासून होतं हेच मला सहन होत नव्हतं.

मग हंगाम आला आणि माझ्या लक्षात आलं की पंचांग मला विचारून छापत नाहीत. माझ्या बेतात लग्नं रेशनच्या रांगेसारखी एकामागून एक उभी होती. प्रत्यक्षात सगळ्या गावाला एकच मुहूर्त. एका दिवशी पाच जणी दारात, तीन संच देऊन दोघींना हात जोडून परत पाठवायचं, आणि मग पुढचे पंधरा दिवस गाळ्यात माश्या मारत बसायचं. शिवाय गाव एवढंएवढंसं. एका लग्नात वापरलेला रहाट पुढच्या लग्नात मांडला की जेवणाच्या पंगतीत कुजबुज. बायकांची नजर कॅमेऱ्यापेक्षा पक्की असते. ज्यांनी एकदा भाड्यानं नेलं त्यांच्या ओळखीतली कोणी पुन्हा फिरकली नाही.

आणि वर खिदळणं चालूच होतं. वृंदानं मलकापूरच्या एका बाईंना हाताशी धरलं होतं. मी एका लग्नात मुद्दाम त्यांचं काम बघायला गेले. काय सांगू? वरातीतला सुपारीचा नवरदेव तिरळा, भटजींच्या पोटातून फेविकॉलचा ओघळ, तुळस एका अंगाला कललेली. माझ्या मनाला जरा थंडावा मिळतोय तोवर नवऱ्या मुलीच्या सासूबाई आल्या, तो तिरळा नवरदेव तळहातावर घेतला आणि सुनेकडे बघून हसल्या. सूनही हसली. दोघी त्या सुपारीवर वाकून काहीतरी बोलत राहिल्या. माझ्या रेखीव वस्तूंपुढे अशी कोणी उभी राहिलेली मला आठवेना. त्या दिवशी मी न जेवता घरी आले.

मग कानावर आलं की पाटणकरांच्या अस्मिताचं लग्न ठरलं आणि रुखवत वृंदाकडे जाणार. पाटणकर म्हणजे वृंदाच्या माहेरचे शेजारी. बाई बँकेत, घरात एकुलती एक मुलगी, स्थळ सांगलीचं, लग्न दणक्यात होणार होतं. मी वाट बघितली नाही. दुसऱ्याच दिवशी बँक सुटायच्या वेळेला पाटणकरबाईंना गाठलं आणि सांगितलं की मी नुकताच चौथा संच केलाय, अगदी नवा कोरा आहे, अजून कुठल्या लग्नात गेलेला नाही, तुम्हाला अर्ध्या भाड्यात देते. मग सहज बोलल्यासारखं केलं आणि मलकापूरच्या बाईंचा तिरळा नवरदेवही त्यांच्या कानावर घातला. बाई बँकेतल्या, त्यांना सवलत लगेच कळली.

मला वाटलं होतं, आता तरी वृंदा येईल आणि चार शब्द सुनावेल. ती आलीही. गाळ्याच्या पायरीवर टेकली, पाणी मागितलं, प्यायली.

"पाटणकरांचं तू घेतलंस ते बरं झालं," ती म्हणाली. "तुझं काम छान असतं. फक्त एक कर. अस्मिताला दोन-तीन दिवस तुझ्याकडे बोलावून घे. बसू दे तुझ्याजवळ."

"कशाला?"

"बसू दे नुसती. बघेल, चार मोती लावेल."

मी मनात म्हटलं, आलं लक्षात. ऑर्डर गेली तरी गिऱ्हाईक सोडवत नाही. मी तिला सांगितलं की माझ्याकडे काम असतं, गप्पांना वेळ नसतो, आणि शिकाऊ हात लागून माझ्या वस्तू खराब झालेल्या मला चालणार नाहीत. वृंदानं पेला खाली ठेवला आणि माझ्याकडे जरा वेळ बघितलं. तिला काहीतरी म्हणायचं होतं असं मला आज वाटतं. तेव्हा मी मोत्यांच्या डब्या लावायला घेतल्या आणि ती निघून गेली.

लग्नाच्या आठवड्यात माझी कार्डं छापून आली. जाड पांढरा कागद, सोनेरी कड, वर माझं नाव, खाली फोन, आणि मध्ये ठसठशीत अक्षरात, 'रुखवत विकत व भाड्याने मिळेल'. कार्डं सुंदर होती, ह्याबद्दल माझं आजही दुमत नाही. मी हिशेब केला होता. सांगलीचं वऱ्हाड येणार, मोठं गाव, नव्या ओळखी. एवढ्या बायका एका टेबलाभोवती पुन्हा कुठे मिळणार? रुखवत विकतचं असतं हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, मग लपवायचं काय त्यात? आणि माझ्या वस्तूंचं कौतुक कोण्या वृंदाच्या ओटीत पडण्याचा आता प्रश्नच नव्हता.

सकाळी नाश्त्याची गडबड चालू असताना मी कार्यालयात जाऊन टेबल मांडलं. निळ्या मखमलीवर सप्तपदी, मध्ये रहाट, बाजूला वरात, पुढे होम आणि होमापाशी माझे भटजी. असे भटजी मी पुन्हा केले नाहीत, उपरण्याची घडीसुद्धा दिसत होती. प्रत्येक वस्तूपुढे एक कार्ड टेकवलं. पाटणकरबाई मुलीच्या मुंडावळ्या शोधत दोनदा शेजारून धावत गेल्या, पण टेबलाकडे त्यांनी लांबूनच बघून हात केला.

अक्षता पडल्या. मग रिवाजाप्रमाणे मुलाकडच्या बायकांना रुखवत दाखवायला आणलं. पुढे वरमाई, त्यांच्याबरोबर मुलाची आत्या. ही आत्या सांगलीच्या एका शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, चष्मा गळ्यात साखळीला. मागे पंधरा-वीस बायकांचा घोळका, आणि त्या घोळक्यात वृंदा. तीच मोरपंखी साडी नेसलेली. तो रंग तिला खुलून दिसत होता हे वेगळं सांगायला नको.

मी टेबलाच्या टोकाला रिकामी खोकी रचत उभी होते. पाटणकरबाईंचा ऊर भरून आला होता. अस्मिता नवा कोरा शालू सावरत त्यांच्या बाजूला उभी होती.

"नोकरी सांभाळून केलंय हो सगळं पोरीनं," बाई सांगत होत्या. "रविवार बघितला नाही, सण बघितला नाही. हाताला फोड आले तरी उठली नाही."

आत्यांनी चष्मा लावला. भटजींपुढे वाकल्या, कार्ड उचललं, आणि चाळीस मुलींच्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं. "शैलजा कलादालन. रुखवत विकत व भाड्याने मिळेल."

माझं नाव इतक्या मोठ्यानं, इतक्या बायकांसमोर, पहिल्यांदाच कोणी घेतलं होतं.

त्यांनी कार्ड उलटून पाहिलं, पुन्हा सुलट केलं. "म्हणजे हे सगळं भाड्याचं का?" त्यांनी पाटणकरबाईंना विचारलं. आवाजात खोच नव्हती, खरंच विचारत होत्या, आणि तेच वाईट होतं.

पाटणकरबाई म्हणजे बँकेत रोज शंभर माणसांशी बोलणारी बाई, पण तिनं नुसतं टेबलाकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. वरमाईंनी पदर खांद्यावर ओढून घेतला आणि सुनेकडे बघितलं. मला तेव्हा कळलं की रुखवत विकतचं असतं हे सगळ्यांनाच ठाऊक असतं, पण ते म्हणायचं नसतं. आता ते म्हटलं गेलं होतं. अस्मिता अजून सासरचा उंबरा ओलांडायची होती, आणि तिच्याआधी ही गोष्ट सांगलीला पोचून तिथे ठाण मांडणार होती. दिवाळसण, डोहाळजेवण, बारसं, कुठेही कोणीतरी म्हणणार, आमच्या सूनबाईंचं काय, भाड्यानं मिळतं. पोरीचा चेहरा हळदीखालीही पांढरा पडलेला दिसत होता.

"अहो, ह्याच त्या शैलजाबाई."

वृंदा घोळक्यातून पुढे आली होती. तिनं माझा दंड धरून मला खोक्यांमागून बाहेर ओढलं आणि आत्यांपुढे उभं केलं.

"आमच्या कराडात रुखवताचा क्लास घेतात," ती म्हणाली. "अस्मिता ह्यांच्याकडेच शिकली. आता बाईंना जाहिरातीची भारी हौस, त्याला काय करणार? विद्यार्थिनीनं केलेल्या वस्तूंवरसुद्धा आपलं कार्ड लावून मोकळ्या झाल्या."

दोघी-तिघी हसल्या. मी हसले की रडले मला आठवत नाही. पण आत्या शाळेत उगीच मुख्याध्यापिका झाल्या नव्हत्या. त्यांनी भटजी उचलला आणि अस्मितापुढे धरला.

"असं का? मग सांग बघू, डोळे इतके रेखीव कसे काढलेस?"

मी डोळे मिटून घेतले. त्या मुलीनं माझ्या गाळ्याची पायरीसुद्धा चढलेली नव्हती. बसू दे तुझ्याजवळ, असं वृंदा म्हणाली होती, आणि मी डब्या लावत बसले होते.

"आधी सुपारीचं बूड पॉलिश पेपरवर घासायचं," अस्मिताचा आवाज आला. बारीक होता, पण थांबला नाही. "नाहीतर भटजी आडवे पडतात. मग पातळ फेविकॉलचा एक हात द्यायचा आणि वाळू द्यायचं. तसं नाही केलं तर रंग सुपारीच्या रेघांत पसरतो." तिनं आत्यांच्या हातातून भटजी घेतला आणि बोटानं दाखवायला लागली. "शेंडी, उपरणं सगळं आधी करून घ्यायचं. डोळे अगदी शेवटी. आधी काढले ना, तर भटजी आपल्याकडे बघत बसतात आणि आपला हात थरथरतो."

मी डोळे उघडले. हे शेवटचं वाक्य माझं होतं. जगात मी ते एकाच व्यक्तीजवळ बोलले होते, माझ्या जेवणाच्या टेबलाशी, पहिल्या वर्षी, ती शेजारी बसून शेंगा सोलत होती तेव्हा. मला वाटायचं, हिचं लक्ष शेंगांत.

"किती बिघडवलेस?" आत्यांनी विचारलं.

"खूप. पहिला तर तिरळाच झाला. तो घरी ठेवलाय."

आत्या हसल्या, आणि मग वरमाई हसल्या. त्यांनी पुढे होऊन भटजी हातात घेतला आणि जाहीर केलं की हे सगळं रुखवत आजच सांगलीला न्यायचं, शोकेसमध्ये लावायचं. पाटणकरबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली, दुसरं काय करणार? माझा नवा कोरा संच अर्ध्या भाड्यात कायमचा सांगलीला गेला.

आणि इकडे बायकांनी मला घेरलं. क्लास कुठे असतो, किती दिवसांचा असतो, माझ्या मुलीचं पुढच्या वर्षी आहे, माझ्या भाचीला पाठवू का. मी काय सांगणार? वृंदाच माझ्या खांद्यामागून सांगत होती, सोमवारपासून नवी तुकडी आहे, कार्डावर फोन आहे, घेऊन जा. बघताबघता सगळी कार्डं संपली.

जेवणं झाल्यावर कार्यालयाच्या मागे, स्कूटी काढताना मी तिला गाठलं. तिथे आचाऱ्यांची भांडी घासायचा खडखडाट चालला होता. मी तिला विचारलं, मला का वाचवलंस?

"तुला नाही गं," वृंदा म्हणाली. "त्या पोरीला."

ती रागावून बोलली असती तर मला परवडलं असतं. ती डिकीत हेल्मेट शोधत बोलत होती.

"तू काही तिला बोलावणार नाहीस हे मला कळलं, म्हणून माझ्याकडे बसवली. सासरी पहिल्याच आठवड्यात कोणीतरी विचारतंच, हे कसं केलंस गं म्हणून. तेव्हा मुलीला चार वाक्यं तरी खरी सांगता यायला हवीत. म्हणून तर मी सगळ्यांना बोलावते. एखादी वस्तू तरी तिच्या हातची असावी लागते."

"मग हे मला कधी सांगितलं का नाहीस?"

"सांगायचे की. असू दे तशीच, म्हणायचे. तू शेंडी सरळ करून ठेवायचीस."

तिनं हेल्मेट घातलं आणि मला म्हणाली, चल, बस मागे. मी रिक्षानं आले.

रिक्षात मला जे वाटत होतं त्याला उपकाराची जाणीव म्हणता येणार नाही. वर्षभर मी तिच्यावर जळले, तिच्या दारातल्या चपला मोजल्या, तिचं गिऱ्हाईक पळवलं. मला वाटत होतं की निदान तीही खालच्या मजल्याकडे कान लावून बसली असेल, माझ्या पाटीची सोनेरी अक्षरं तिलाही टोचत असतील. तिच्या गावीही नव्हतं. मी स्पर्धा लावली होती आणि त्यात दुसरं कोणी धावतच नव्हतं.

सोमवारी गाळ्यात सात मुली आणि त्यांच्या आया. गाळा उघडल्यापासून एवढी माणसं तिथे कधी आली नव्हती. मी सुपाऱ्या, पॉलिश पेपर, रंग सगळं मांडून ठेवलं होतं. नवी साडी नेसले होते. पहिलीच बाई आत आली, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "वृंदाताई पण असतात ना हो?"

एक क्षण वाटलं, नाही म्हणावं आणि पाटीकडे बोट दाखवावं. पण माझ्या बेतात एक गोष्ट आजवर नव्हती, आणि ती म्हणजे मुलींशी बोलणारं माणूस. मी सात अनोळखी चेहऱ्यांकडे बघितलं आणि हातातला पॉलिश पेपर खाली ठेवला. "असतात," मी म्हटलं. "आज जरा उशीर होतोय त्यांना."

सगळ्यांना सुपाऱ्या घासायला बसवून मी रिक्षा केली, घरी आले आणि दोन जिने चढून वृंदाच्या दारात उभी राहिले. वाटेत मनाशी ठरवून टाकलं होतं. अर्धा वाटा द्यायचा, ह्या वेळी कागदावर. पाटीवर तिचं नावही घालावं लागेल. पण आधी माझं, मग तिचं. त्यावरून ती अडली तर एका ओळीत, पण अक्षरं सारखीच, त्याच्या पुढे मी एक पाऊल जाणार नव्हते.

वृंदानं दार उघडलं. मी सगळं एका दमात सांगून टाकलं. ती ऐकून घेता घेताच पायात चपला घालायला लागली.

"वाट्याचं लिहून ठेवू, ते बरं," ती म्हणाली. "पण पाटी कशाला बदलतेस? चांगली आहे की. मला काय करायचंय नाव?"

ज्याच्यासाठी मी वर्षभर जळले, जे मिळवायला गाळा घेतला, कार्डं छापली, एका मुलीच्या संसाराला नख लावता लावता राहिले, ते तिनं दाराला कुलूप लावता लावता माझ्या पदरात टाकलं. तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं आनंदानं आलं, आणि तिनं माझ्या पाठीवर हात फिरवला.

क्लास आजही चालतो. मधल्या काळात गाळ्याचे दोन गाळे झाले. आषाढ ते दिवाळी मुली शिकतात आणि हंगामात लग्नं करतात, त्यामुळे पंचांगाशीही आता माझं बरं आहे. पाटीवर माझं एकटीचंच नाव आहे, पूर्वीपेक्षा मोठं, आत दिवा लागणारं. मुली येतात, पाटीखाली चपला काढतात, आत डोकावतात, आणि मला विचारतात, "वृंदाताई आल्या नाहीत का अजून?"